मूरवरून खोऱ्यात: नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये ग्रॅव्हल बाईकची वाट कशी आखावी

ईशान्य इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये (मूर म्हणजे झुडपांचं उघडं माळरान) ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, किती किलोमीटर? मी हा प्रश्न शेवटी ठेवते. इथले चाळीस किलोमीटर कोरड्या दिवशी, जुन्या रेल्वेच्या भरावावरून, जेवणाच्या वेळेपर्यंत आरामात होतात. तेवढेच चाळीस ओल्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीतून, सायकल ढकलत काढायचे म्हटलं तर अंधार पडतो. म्हणून आधी चार गोष्टी बघायच्या. त्या वाटेवर सायकल न्यायचा हक्क आहे का, चाकाखाली काय येणार आहे, वारा कुठून आहे, आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर बाहेर कुठून पडायचं. ही उत्तरं हातात आली की अंतर आपोआप ठरतं.

मी मिडल्सब्रोला राहते. इथून व्हिटबीला जाणारी एस्क खोऱ्यातली रेल्वे मूरच्या उत्तर कडेने धावते आणि तिची छोटी छोटी स्टेशनं हीच माझी सुरुवातीची आणि शेवटची ठिकाणं. लीड्स, यॉर्क, न्यूकॅसलकडच्या माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी मंडळींनी हौसेने ग्रॅव्हल बाईक घेतली आहे, पण ती कालव्याच्या काठानेच चालवतात. मूर म्हटलं की बिचकतात. नकाशा वाचता आला की बिचकायचं कारण उरत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रदेश डोळ्यांसमोर आणायचा तर देवगड-राजापूरकडचा सडा आठवा. वर उघडं, वारा खाणारं पठार, आणि कडेला आलं की एकदम खाली झाडीतली गावं. इथेही तसंच आहे, फक्त कातळाऐवजी वालुकाश्म, त्यावर काळं पीट आणि त्यावर गुडघाभर हेदरची झुडपं. 1952 साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. सगळ्यात उंच जागा अरा मूरवरचं राउंड हिल, ती जेमतेम 454 मीटर. आकडा ऐकून हलक्यात घेऊ नका. पठारावरून दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे लांब सोंडा उतरतात, त्यांना इथे रिग म्हणतात, आणि दोन रिगांच्या मध्ये एकेक खोरं: फार्नडेल, रोझडेल, वेस्टरडेल, डॅनबी डेल, ग्लेझडेल. सोंडेवरून जाल तर दिवसभर फारसं चढावं लागत नाही. खोरी आडवी ओलांडत गेलात तर दर तासाला एक उभा चढ. वाट आखताना हा एक निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे: पठारावर एकदाच चढायचं, जमेल तितकं वर राहायचं, आणि एकदाच उतरायचं.

नकाशावरच्या रेघा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा एक्स्प्लोरर नकाशा घ्या, 1:25,000 चा, नारिंगी मुखपृष्ठाचा. मूर्सच्या पश्चिम भागाला ओएल 26 आणि पूर्व भागाला ओएल 27. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, त्यामुळे कुंपणाच्या भिंती आणि फाटकाजवळची वळणंसुद्धा दिसतात. फोनवरही हाच नकाशा मिळतो, पण कागदाची घडी पिशवीत असू द्या. खोऱ्यात नेटवर्क जातं आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

आता हिरव्या रेघा बघा. बारीक आखूड तुटक रेघ म्हणजे फुटपाथ. तो फक्त चालणाऱ्यांचा, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. लांब तुटक रेघ म्हणजे ब्राइडलवे. घोडेस्वारांच्या या वाटांवर सायकलला परवानगी मिळाली ती 1968 च्या कंट्रीसाइड कायद्याने, आणि त्याच कायद्यात अटही आहे की सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. रिस्ट्रिक्टेड बायवे आणि सर्व वाहनांना खुला बायवे यांच्या खुणा निराळ्या, दोन्हींवर सायकल चालते. हिरव्या ठिपक्यांची ओळ दिसली तर तो बहुधा कौन्सिलच्या यादीतला जुना कच्चा रस्ता. ग्रॅव्हलसाठी मला हे ठिपके फार आवडतात, कारण पूर्वी त्यांवरून गाड्या जात असल्याने चढ माणसात असतो. प्रत्यक्ष वाटेवर खांबांवरचे बाण बघायचे: पिवळा फुटपाथचा, निळा ब्राइडलवेचा, जांभळट रिस्ट्रिक्टेड बायवेचा, लाल सर्वांना खुल्या बायवेचा.

नवख्यांची फसगत इथे होते. मूरवर नकाशात काळ्या तुटक जोडरेघांचे कितीतरी ट्रॅक दिसतात. खडी टाकलेले, रुंद, बघूनच मोह पडावा असे. हे बहुतेक शिकारीच्या इस्टेटींचे, बंदुका आणि माणसं नेण्यासाठी केलेले. त्यांवर हिरवी खूण नसेल तर तिथे सायकलचा हक्क नाही. नकाशावर तो सगळा भाग फिकट पिवळ्या रंगात दाखवलेला असतो आणि लोकांना वाटतं, हा तर खुला प्रदेश. 2000 सालच्या कायद्याने तो खुला झाला हे खरं, पण पायी चालणाऱ्यांसाठी. स्कॉटलंडमधून आलेल्यांचा गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथल्या 2003 च्या कायद्यात जबाबदारीने वागलं तर सायकललाही जवळपास सगळीकडे मोकळीक आहे. इंग्लंडमध्ये तसं नाही.

अॅपवरच्या वाटांचंही तसंच. कुणीतरी गेलं म्हणून ती रेघ उमटते. हक्क होता की नव्हता, हे ती सांगत नाही. अॅपवर वाट काढा, जरूर काढा, पण नंतर तिचा प्रत्येक कच्चा तुकडा एक्स्प्लोररवरच्या हिरव्या रेघेशी ताडून बघा. अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाने इस्टेटीच्या राखणदाराशी होणारा वाद वाचतो आणि आपल्यामागून येणाऱ्या सायकलवाल्यांचं नावही चांगलं राहतं.

डांबरी रस्त्यांवरचे छोटे बाणही बघून ठेवा. एक बाण म्हणजे 14 ते 20 टक्के चढ, दोन बाण म्हणजे 20 च्या वर. बाणाचं टोक उताराच्या दिशेला असतं. रोझडेलचा चिमनी बँक आणि ग्लेझडेलजवळचा लिंबर हिल, दोन्ही 33 टक्क्यांचे. म्हणजे तीन मीटर पुढे, एक मीटर वर. हे दोन कुठल्या दिशेने आपल्या वाटेत येतात ते घरीच बघा.

चाकाखाली काय

माझ्या हिशेबात इथे चार प्रकारच्या वाटा आहेत. पहिली जुन्या रेल्वेची: राखेची आणि चिरडलेल्या दगडाची, पाणी पटकन खाली सोडणारी. पाऊस थांबल्यावर तासाभरात चालवता येते. दुसरी पठारावरचे जुने कच्चे रस्ते, खडीचे, मध्ये मध्ये पाण्याने कोरलेल्या घळ्या असलेले. तिसरी मोकळ्या मूरवरून जाणारा ब्राइडलवे, आणि याच्याबद्दल कुठलाच भरवसा देता येत नाही. ऑगस्टमध्ये घट्ट, नोव्हेंबरमध्ये लापशी. नकाशावर त्याच्या आजूबाजूला निळ्या गवताच्या खुणा दिसल्या, किंवा समोच्च रेषा एकमेकींपासून फार लांब गेल्या, की समजायचं पाणी इथे थांबतं. उतार नाही तिथे पीट कधीच वाळत नाही. वाटेवर फिकट, केसाळ पांढऱ्या बोंडांचं गवत दिसलं तर उतरा आणि चालत जा. त्या कापूसगवताखाली चाक आसापर्यंत जातं.

चौथी खोऱ्यातली पाणंद. दोन्ही बाजूंना भिंत किंवा झुडपांचं कुंपण, मध्ये शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी, चिकणमाती आणि शेण. एस्कच्या खोऱ्यात या वाटा सुंदर आहेत, मे महिन्यात कडेने सगळं हिरवंगार, पण पावसानंतर टायर आणि फ्रेमच्या मधल्या जागेत माती भरून चाक फिरायचंच थांबतं. म्हणून माझा नियम: ओल्या आठवड्यात वर रेल्वे आणि खाली डांबर, कोरड्या आठवड्यात वर काहीही आणि खाली पाणंद.

आणखी एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. पठारावरच्या उतरत्या ट्रॅकवर पाणी बाजूला काढण्यासाठी आडवे दगड रोवलेले असतात, किंवा आडवी नाली खणलेली असते. वेगात आलात आणि पुढचं चाक त्यावर आदळलं की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोन ठिकाणी चिरते, सापाने दंश केल्यासारखी. लांबून अशी आडवी रेघ दिसली की ब्रेक आधी लावा, रेघेवर ब्रेक सोडा, पेडल समपातळीत ठेवा आणि हँडलवरचा भार हलका करा. जनावरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी कॅटल ग्रिडवरून जातानाही हेच, आणि अगदी सरळ जायचं. ओल्या ग्रिडवर हँडल वळवलंत तर सायकल खालून निघून जाते.

सायकल

सायकलबद्दल थोडक्यातच सांगते, कारण आहे ती सायकल बहुधा चालते. टायर 40 मिलिमीटर तरी हवेत, 45 बसत असतील तर उत्तम, आणि ट्यूबलेस असतील तर फारच बरं. माझं वजन साठच्या आसपास. 42 च्या ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय ठेवते. तुमचं वजन जास्त असेल तर दहा किलोमागे दोन-तीन पीएसआय वाढवून बघा. घरी आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा अंगठ्याने टायर दाबून हाताला सवय लावा, म्हणजे मूरवर पंपाला काटा नसला तरी अडत नाही. गिअरचं म्हणाल तर मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात पुढच्या सर्वांत लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त हवेत. ते नसेल तर दोन बाणांचे चढ चालत जा; त्यात काही कमीपणा नाही, बुटाला पकड तेवढी असू द्या. ब्रेक पॅड निघण्याआधी बघा. वालुकाश्माची ओली वाळू पॅड अक्षरशः खाते.

किल्डेल ते ग्रोसमॉन्ट

आता प्रत्यक्ष वाट. मूर आणि नदीचं खोरं दोन्ही एकाच दिवसात दाखवणारी, पठारावर एकदाच चढणारी आणि एकदाच उतरणारी. साधारण 45 किलोमीटर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. दिशा मुद्दाम तशी धरली आहे: इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, आणि उघड्या पठारावर तो पाठीशी असणं म्हणजे एक जास्तीचा गिअर मिळणं. परत यायला रेल्वे. हवामानात पूर्वेचा वारा सांगितला असेल तर ग्रोसमॉन्टहून उलटं यायचं म्हणाल. त्यापेक्षा दिवस बदला.

सकाळच्या गाडीने किल्डेलला उतरा. दिवसाला गाड्या मोजक्याच आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि तिच्यापासून उलटा हिशेब करा. गाडीत सायकलींना जागा कमी असते, आरक्षण नसतं. तिघं-चौघं असाल तर दोन गाड्यांत विभागून या. मिडल्सब्रोहून येताना बॅटर्सबीला ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि गाडी आली त्याच बाजूने उलटी निघते. चुकीच्या गाडीत बसलो असं वाटून उतरू नका.

किल्डेलमधून पार्क नॅब या कड्याच्या अंगाने बेझडेलकडे जाणारा अरुंद डांबरी रस्ता धरा. हा दिवसातला मोठा चढ. सुरुवातीलाच आहे, थंड अंगाने आहे, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळ्यात हलक्या गिअरमध्येच काढा. वर आल्यावर डांबर सोडून उजवीकडे फाटकातून दक्षिणेला जाणारा खडीचा जुना रस्ता लागतो. हाच क्लीव्हलँड वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा भाग. डावीकडे बेझडेल, उजवीकडे खाली सपाट क्लीव्हलँडची शेतं, लख्ख दिवशी थेट टीजकाठच्या कारखान्यांपर्यंत. बर्टन हाऊ नावाच्या प्राचीन दफनटेकड्या ओलांडल्या की थोड्या वेळात ब्लोवर्थ क्रॉसिंग येतं.

इथे थांबा. ब्लोवर्थला दोन जुने रस्ते एकमेकांना छेदतात: रडलंड रिगवरून दक्षिणेला कर्बीमूरसाइडकडे जाणारा, आणि 1861 साली सुरू झालेल्या रोझडेलच्या लोहखनिज रेल्वेचा. रोझडेलमध्ये उत्तम प्रतीचं खनिज सापडलं आणि ते मूरच्या माथ्यावरून उत्तरेच्या भट्ट्यांकडे न्यायला ही लाइन टाकली. इथून जवळच इंगल्बी इन्क्लाइन आहे, सुमारे पाचास एक उताराचा, जिथे भरलेले वॅगन दोराने खाली सोडत आणि त्यांच्या वजनाने रिकामे वर ओढत. इंजिनं वर माथ्यावरच राहत. 1929 साली लाइन बंद झाली, रूळ काढले, आणि चारशे मीटरच्या आसपास उंचीवर जवळपास सपाट जाणारा भराव मागे उरला. रेल्वेला चढ परवडत नव्हता, म्हणून ती फार्नडेलच्या माथ्याभोवती प्रत्येक घळीत आत शिरते आणि पुन्हा बाहेर येते. आपल्याला हेच हवं असतं.

ब्लोवर्थ ते ब्लेकी हा सुमारे नऊ किलोमीटरचा टप्पा म्हणजे माझ्या मते उत्तर इंग्लंडमधली सगळ्यात चांगली ग्रॅव्हल. काळपट राख, मध्ये गुळगुळीत पट्टा, दोन्ही बाजूंना सैल दगड. चाक त्या मधल्या पट्ट्यात ठेवा. डोंगर खणून केलेल्या कटिंगमध्ये पाणी साचतं, भरावावर वारा लागतो; दोन्ही आलटून पालटून येतात, त्यामुळे जॅकेटची चेन उघडबंद करत राहावी लागते. ब्लेकी रिजवरची लायन इन ही जुनी सराय खूप आधीपासून क्षितिजावर दिसायला लागते आणि दर वळणाला पुन्हा लांब जाते. तिला बघून जोर लावू नका, अजून दिवस आहे. खाली फार्नडेलमधून डव्ह नदी जाते. मार्चअखेर-एप्रिलमध्ये तिच्या काठाने रानटी डॅफोडिल फुलतात आणि खालच्या गल्ल्या गाड्यांनी भरतात. वर तेव्हाही शुकशुकाट असतो.

ब्लेकीला जेवून घ्या. बाहेर उघड्यावर बसणार असाल तर आधी कोरडं काहीतरी घाला. घाम गार होतो. अंगात दम आणि हातात दोन तास असतील तर इथूनच रेल्वेचा दुसरा फाटा रोझडेलच्या माथ्याभोवती फिरून पूर्वेकडच्या खाणींपाशी जातो. तिथे दगडी भट्ट्यांच्या कमानी अजून उभ्या आहेत. खनिज आधी इथेच भाजत, म्हणजे त्यातलं पाणी आणि वायू निघून जाऊन वजन घटे आणि वाहतुकीचा खर्च वाचे. कमानीच्या आतल्या विटा कशा भाजून काळवंडल्या आहेत ते बघण्यासारखं आहे, पण आत शिरू नका, बांधकाम जुनं आणि सैल आहे. मुसळधार पावसानंतर इथले भराव मधूनच खचतात, तेव्हा जाण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाट बंद नाही ना ते बघा. बघून त्याच वाटेने ब्लेकीला परत या. रोझडेल अॅबीला उतरलात तर वर यायला चिमनी बँक आहे.

ब्लेकीहून उत्तरेला थोडं डांबर आहे. या रस्त्याला कुंपण नाही, गाड्या वेगात येतात, मेंढ्या मध्येच बसतात; मागचा लाल दिवा दिवसाही लावा. उद्यानाच्या चिन्हावर जो दगडी क्रूस दिसतो तो यंग राल्फ इथेच, रस्त्याकडेला उभा आहे. रोझडेल हेडकडे वळलात की फॅट बेटी नावाचा पांढरा रंगवलेला बुटका दगड लागतो. चालणारे त्यावर खाऊ ठेवून जातात आणि आधीच्याने ठेवलेला घेतात. मी शेंगदाण्याची चिक्की ठेवते.

पुढे फ्रायपकडे जाणारा छोटा रस्ता धरून ट्रफ हाउस या एकट्या उभ्या शिकारी झोपडीवरून जाणारा ब्राइडलवे घ्यायचा. ग्रेट फ्रायपच्या खोऱ्याच्या डोक्यावरून तो फिरतो. दिवसातला हाच तुकडा खडबडीत आहे: दगड, मग काळं पाणी, मग पुन्हा दगड. थोडं चालावं लागेल हे धरूनच चला. ग्लेझडेल मूरवर डांबर भेटतं, त्यावरून थोडं उत्तरेला जाऊन उजवीकडे ग्लेझडेल रिगचा खडीचा ट्रॅक. आता इथून सगळा उतार. सोंडेवरून लांबच लांब, समोर एस्कचं खोरं आणि त्यामागे कधी कधी समुद्राची पट्टी. वेग आपोआप येतो, म्हणून वर सांगितलेल्या आडव्या दगडांचं इथे विशेष भान ठेवा, आणि समोरून येणारे पाठीवर पिशव्या घेतलेले लोक दिसले की खूप आधीच हळू व्हा. कोस्ट टू कोस्ट, म्हणजे इंग्लंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पायी ओलांडणाऱ्यांचीही ही वाट आहे.

खाली ग्लेझडेल, आणि स्टेशनजवळ नदीवर बेगर्स ब्रिज: 1619 सालचा, एकाच कमानीचा, घोड्याला ओझ्यासकट जाता येईल एवढाच रुंद. सायकल टेकवायला त्याचा कठडा अगदी बरोबर उंचीचा आहे. दमला असाल तर ग्लेझडेलहूनच गाडी पकडता येते. नाही तर डांबराने लिंबर हिलवरून पुढे जा, उभ्या चढाला हवं तर चालत, उताराला दोन्ही ब्रेक धरून आणि पार्श्वभाग सीटच्या मागे नेऊन. मग एग्टन ब्रिज. तिथून ग्रोसमॉन्टपर्यंत नदीच्या कडेने जुना टोलचा रस्ता जातो, मोटारी नाहीत, गुळगुळीत खडी. अध्येमध्ये टोलच्या घरावर 1948 सालचा दरफलक अजून लटकतो आहे, घोडा, गाडी, अगदी शववाहिकेपर्यंत प्रत्येकाचा दर लिहिलेला. दिवसभर मूरवर वारा खाल्ल्यावर या झाडीतल्या शांत दोन किलोमीटरांसाठीच मी कधी कधी ग्लेझडेलची गाडी सोडून पुढे येते.

एस्कच्या खोऱ्यात रस्ता ओढ्यातून जातो तिथे शेजारी पांढरा मोजपट्टीचा खांब असतो आणि बहुधा एक साकवही. तळ शेवाळाने बुळबुळीत असतो. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी साकवावरून सायकल ढकलत न्या.

वर असताना

चारशे मीटरवर खालच्यापेक्षा दोन-तीन अंश तापमान कमी असतं, आणि वाऱ्याने ते आणखी गार लागतं. जूनमध्येही मी पातळ हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट नेते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तर समुद्रावरून धुकं येतं, त्याला इथे फ्रेट म्हणतात. व्हिटबीकडून पांढरी भिंत सरकताना दिसली की वाट सोडू नका, रेल्वेच्या भरावावर असाल तर तिथेच राहा, तो चुकत नाही. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा ही संपूर्ण वाट हिवाळ्यात नकोच.

मदत लागली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. आवाज जात नाही तिथे कधी कधी मेसेज जातो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: घरी बसूनच 999 ला 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द मेसेज करा आणि येणाऱ्या सूचना पाळा. आज करून ठेवा.

घोडा दिसला तर मागून घंटी वाजवत जाऊ नका, तो बुजतो. लांबूनच मोठ्याने 'हॅलो' म्हणा, माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा असतो. स्वार काय सांगतो ते ऐका, आणि रुंद अंतर ठेवून चालीच्या वेगाने जा. फाटक जसं होतं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडं, कारण मेंढ्यांना पाण्याकडे जाता यावं म्हणूनही ते उघडं ठेवलेलं असतं. मार्च ते जुलै कर्ल्यू आणि टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला तर त्याचं घरटं जवळ आहे. फोटोला थांबू नका, पुढे निघा. हेदर ऑगस्टच्या मध्यावर फुलतो आणि 12 ऑगस्टलाच ग्राउज या रानपक्ष्याची शिकार सुरू होते. ब्राइडलवेवरचा आपला हक्क त्या दिवशीही असतो, पण झेंडे किंवा माणसांची रांग दिसली तर थांबून हात करा आणि खूण मिळाल्यावर जा.

गोचिडींबद्दल मनापासून सांगते, कारण आपल्या लोकांना यात जास्त धोका आहे. नेच्यांच्या झुडपात, उंच गवतात त्या असतात, आणि काहींमधून लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका, तेल लावू नका. पुढचे काही आठवडे तिथे पसरत जाणारं वर्तुळ उमटतं का ते बघा. चित्रांत ते लालभडक दाखवतात, पण सावळ्या त्वचेवर ते जांभळट किंवा नुसतंच गडद दिसतं आणि नजरेतून सुटतं. शंका आली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मूरवर गेले होते आणि गोचीड चावली होती.

पहिल्याच वेळी 45 किलोमीटर जास्त वाटत असतील तर किल्डेलहून ब्लेकीपर्यंत हीच वाट घ्या, आणि तिथून उत्तरेला कॅसलटन रिगवरून डांबराने थेट कॅसलटनला उतरा. एका बाजूला वेस्टरडेल, दुसऱ्या बाजूला डॅनबी डेल, सगळा रस्ता सोंडेच्या पाठीवरून. स्टेशनचं नाव कॅसलटन मूर. गाडीला वेळ असेल तर कॉमनडेलवरून गल्लीबोळातून किल्डेलपर्यंत चालवत जा, साधारण दहा किलोमीटर, आणि तिथून तीच गाडी पकडा.